रेसिडेन्सी मॅच आणि पसंतीक्रम (अमेरिका)

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. आधी एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. ही रेसिडेन्सी इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन आणि बालरोगशास्त्रात ३ वर्षांची, जनरल सर्जरीत ५, तर न्यूरोसर्जरीत ७ वर्षांची असते. भारतातल्या नीट-पीजीसारखी एकाच परीक्षेच्या क्रमांकावर जागावाटपाची पद्धत तिथे नाही. मुलाखती झाल्यावर उमेदवार आपल्याला हव्या असलेल्या प्रोग्रॅमांची (म्हणजे रुग्णालयांतल्या विषयवार प्रशिक्षणक्रमांची) क्रमवार यादी देतो, प्रोग्रॅमही उमेदवारांची क्रमवार यादी देतात आणि संगणक दोन्ही बाजू जुळवतो. या जुळणीला सगळे नुसते ‘मॅच’ म्हणतात. ती चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम (एनआरएमपी). २०२४च्या मॅचमध्ये ४१,५०३ जागा होत्या. नेत्रविज्ञान आणि युरॉलॉजी यांच्या जुळण्या वेगळ्या होतात आणि त्यांचे निकालही आधी लागतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालये जास्त आणि इंटर्न (पदवीनंतर पहिल्या वर्षी रुग्णालयात काम करणारे नवे डॉक्टर) कमी अशी स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवण्याआधी आपण गाठावा, या चढाओढीत नेमणुकीची तारीख मागे मागे सरकत १९४०च्या दशकात पदवीच्या जवळजवळ दोन वर्षे आधीपर्यंत गेली. १९४५ पासून महाविद्यालयांनी ठरलेल्या तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती द्यायचीच नाही असे ठरवले. मग घाई दुसऱ्या टोकाला सुरू झाली. उत्तर द्यायला मिळणारी मुदत १० दिवसांवरून घसरत १९४९ मध्ये १२ तासांवर आली. आवडीच्या ठिकाणाहून फोन येईल या आशेवर थांबायचे की हातातली जागा घ्यायची, हे विद्यार्थ्याला तेवढ्यात ठरवावे लागे.

यावर उपाय म्हणून केंद्रीय जुळणीची योजना आली. तिच्या पहिल्या आराखड्यात मात्र मोठी खोट होती: पहिली पसंती आवाक्याबाहेरच्या रुग्णालयाला दिली आणि ते मिळाले नाही, तर दुसऱ्या पसंतीची हक्काची जागाही हातची जाऊ शकत असे. ही खोट तज्ज्ञांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी पकडली. हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रन याच्या पुढाकाराने त्यांनी विरोध संघटित केला, पर्यायी सूत्र मान्य करून घेतले आणि १९५२ची पहिली जुळणी त्याच सूत्राने झाली. गणितज्ञ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी स्थिर जुळणीचे (जिच्यात ठरलेले सोडून एकमेकांकडे जावेसे वाटेल अशी उमेदवार-रुग्णालयाची जोडी उरत नाही) गणित मांडले ते त्यानंतर, १९६२ मध्ये. डॉक्टरांचे सूत्र मुळात त्याच जातीचे आहे हे अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

जुळणी कशी होते

समजा, एका उमेदवाराने अ, ब, क असा क्रम दिला आहे. संगणक त्याला आधी ‘अ’कडे नेतो. जागा रिकामी असेल आणि ‘अ’च्या यादीत त्याचे नाव असेल, तर त्याला तात्पुरते बसवले जाते. पुढे ‘अ’ला अधिक पसंत असलेला कुणी तिथे पोचला, तर आपला उमेदवार उठतो आणि ‘ब’कडे जातो. ‘ब’ची जागा भरलेली असली तरी बिघडत नाही. तिथे बसलेल्यापेक्षा ‘ब’ने याला वर ठेवले असेल, तर उठावे लागते त्या बसलेल्याला. सगळ्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत कोणतीच जागा पक्की नसते. म्हणूनच आधी ‘अ’चे दार ठोठावले म्हणून ‘ब’पाशी त्याचे वजन तसूभरही घटत नाही.

मूळ सूत्रात पुढाकार रुग्णालयांचा होता. रॉथ आणि एलियट पेरन्सन यांनी रचलेल्या, १९९८ पासून वापरात असलेल्या सूत्रात तो उमेदवारांकडे आला. या बदलावर बराच वाद झाला होता, पण प्रत्यक्षात हजारात एकाच्याही निकालात त्याने फरक पडत नाही, असे त्यांच्याच अभ्यासात दिसले. तरी फायदा झालाच: खऱ्या आवडीचा क्रम देणे हेच उमेदवाराच्या हिताचे आहे, असे आता निःशंकपणे सांगता येते.

यादी लावताना

एवढे असूनही दरवर्षी कितीतरी उमेदवार ‘ते आपल्याला घेतील का’ याचा अंदाज बांधून क्रम बदलतात. हे निव्वळ नुकसानीचे आहे. मुलाखतीनंतर येणारी गोड पत्रे (रेसिडेंट त्यांना ‘लव्ह लेटर’ म्हणतात) या गोंधळात भर घालतात. दोन्ही बाजूंना स्वखुशीने काहीही बोलायला मुभा आहे, पण ‘आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार’ असे विचारायला नियमाने बंदी आहे. पत्रातले कौतुक बंधनकारक नसल्याने त्यावरून क्रम हलवणे शहाणपणाचे नाही.

लांब यादी देणाऱ्यांना जागा मिळण्याचे प्रमाण जास्त दिसते. पण लांब यादी म्हणजे मुळात जास्त मुलाखती, म्हणजे बहुधा अर्जच वजनदार. तरीही मुलाखत दिलेले आणि जिथे जायची खरोखर तयारी आहे असे सगळे प्रोग्रॅम यादीत असावेत, कारण नाव वाढवल्याने वरच्या नावांना धक्का लागत नाही. जिथे पाऊल ठेवायची इच्छा नाही ते नाव मात्र शेवटच्या क्रमांकावरही नको. निकाल दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो.

खरे कष्ट आहेत ते आपल्याला काय हवे हे ओळखण्यात. पगार हा फारसा निर्णायक मुद्दा ठरत नाही. पहिल्या वर्षी तो साधारण ६० ते ७० हजार डॉलर असतो आणि तेवढ्यात त्या शहरात घरभाडे निघते का, हाच काय तो प्रश्न. कामाच्या तासांची कमाल मर्यादाही बहुतेक सगळीकडे एकच: २००३ पासून आठवड्याला ८० तास, चार आठवड्यांच्या सरासरीने. त्यामुळे ‘तास किती’ विचारून हाती काही लागत नाही. रात्री एका इंटर्नकडे किती पेशंट असतात, अडल्यावर सीनियर प्रत्यक्ष येतो की फोनवरच सांगतो, तास भरले तेवढेच नोंदवले जातात का, मधेच किती जण सोडून गेले, हे विचारावे. आणि तेही प्राध्यापक समोर नसताना रेसिडेंटशी होणाऱ्या गप्पांत. मुलाखती २०२० पासून बहुतांशी ऑनलाइन झाल्याने वॉर्डातले वातावरण स्वतः अनुभवायची संधी कमी झाली आहे, म्हणून या गप्पांना अधिकच मोल आले आहे. पुढे फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचे उपविषयातले प्रशिक्षण) करायची असेल, तर आधीच्या तुकड्या कुठे गेल्या ते पाहणे हे नावाच्या दबदब्यापेक्षा कामाचे.

डर्मेटॉलॉजी, रेडिओलॉजी अशा काही विषयांतल्या बऱ्याच जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाची वेगळी पुरवणी यादी जोडावी लागते. ती विसरली, तर पुढची जागा मिळूनही मधले वर्ष अधांतरी राहते.

जोडपी

दोघांना एकाच शहरात राहायचे असेल, तर याद्या जोडता येतात. लग्न झालेले असण्याची अट नाही. यादीची प्रत्येक ओळ म्हणजे दोन जागांची जोडी, त्यामुळे ओळी भराभर वाढतात. ‘एकाला जागा, दुसऱ्याला काहीच नाही’ अशीही ओळ लिहिता येते, आणि ती कितव्या क्रमांकावर टाकायची याची चर्चा बहुतेक घरांत शेवटच्या दिवसापर्यंत चालते. जोडपी आली की स्थिर जुळणी निघेलच याची गणिती हमी उरत नाही. व्यवहारात मात्र ती निघत आली आहे.

निकाल

याद्या साधारण मार्चच्या सुरुवातीला बंद होतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी फक्त ‘जागा मिळाली की नाही’ एवढेच कळते, कुठे मिळाली ते शुक्रवारी. मधल्या दिवसांत उरलेल्या जागा ‘सोप’ नावाच्या प्रक्रियेतून भरतात. २०१२ पूर्वी यासाठी फोन आणि फॅक्सची नुसती झुंबड उडे. रेसिडेन्सी सहसा १ जुलैच्या आसपास सुरू होते.

परदेशी पदवीधर

बाहेरच्या देशांत शिकलेल्यांना आधी ईसीएफएमजीचे (परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे) प्रमाणपत्र लागते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, तर अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना. पूर्वी काही प्रोग्रॅम त्यांना मॅचबाहेरच जागा देत. २०१३ पासून मॅचमध्ये उतरलेल्या प्रोग्रॅमला सगळ्या जागा मॅचमधूनच भराव्या लागतात, अपवाद थोडे. परदेशी पदवीधरांच्या पसंतीक्रमात व्हिसाचा प्रश्न बहुधा सर्वांत आधी येतो. बरेच प्रोग्रॅम फक्त जे-१ (प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) देतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप ३ आधीच उत्तीर्ण असावी लागते. जे-१वर आलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, किंवा त्यातून सूट मिळवून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करावी लागते. कॉनरॅड योजनेखाली अशी सूट मिळणाऱ्या जागा प्रत्येक राज्याला वर्षाला ३० असतात.