पुरळ कुठे उठलंय, ते आधी पाहा

दुसऱ्या महायुद्धात भारतात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी काहींच्या मानेवर, नेमके कॉलरखाली, खाजरे चट्टे उठू लागले. काहींना तसाच चट्टा कमरेला आला. अन्नातून-पाण्यातून काही बाधलं असतं तर अंगभर उठलं असतं. इथे मात्र चट्टा ठरावीक जागा सोडत नव्हता. कारण कपड्यांत सापडलं. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून धोबी त्यांच्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करत. ही खूण कितीही धुतली तरी जात नाही, म्हणून तर ती करायची. खूण जिथे कातडीला टेकत होती, तिथेच कातडी भडकत होती. 1943 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी ‘धोबी मार्क डर्माटायटिस’ या नावाने हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

बिब्बा उततो हे आपल्याकडे घराघरांत माहीत असतं. पण त्या सैनिकांनी तर बिब्बा आयुष्यात पाहिलेला नव्हता. मग त्यांना तो इतका का बाधावा? अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची एक जंगली वेल असते, तिच्या चिकाने तिकडे असंख्य लोकांना पुरळ उठतं. ती वेल, आपला बिब्बा, काजू आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्या चिकातली रसायनंही एकमेकांची भावंडं शोभावीत अशी. त्यामुळे मायदेशात आयव्हीची ॲलर्जी आधीच जडलेल्या शरीराने भारतातला बिब्बा पाहताक्षणी ‘ओळखला’. कोकणात आंब्याचा चीक लागून ओठांभोवती उठतं, किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाने कामगारांचे हात सोलतात, तेही याच कुळातल्या चिकामुळे.

महिनोन्‌महिने न जाणाऱ्या खाजेचं कारण शोधायचं तर पहिला प्रश्न ‘काय खाल्लं?’ हा नसतो. ‘कुठे उठलंय?’ हा असतो. हे मी आवर्जून सांगतोय, कारण आपल्याकडे खाज म्हटली की आधी ताटावर कुऱ्हाड पडते. वांगं बंद, आंबट बंद, अंडी-मासे बंद, वर ‘रक्त खराब झालंय’ असं कुणीतरी ठरवून मोकळं होतं. इतकं करूनही चट्टा जागच्या जागी राहतो. हवाई चपलेच्या पट्ट्यांच्या आकाराचा, पायाच्या वरच्या बाजूला इंग्रजी व्हीसारखा उमटलेला चट्टा वांगं सोडल्याने जायचा नाही. त्याचा संशय चपलेच्या रबरातल्या रसायनांवर घ्यायचा. बेंबीच्या खाली रुपयाएवढा चट्टा असेल तर पँटचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल बघायचं. कपाळाच्या मधोमध असेल तर टिकलीचा गोंद. केसांच्या कडेने, कानांवर आणि मानेवर असेल तर कलप.

अर्थात प्रत्येक खाजरं पुरळ ॲलर्जीचं नसतं, आणि कारणाच्या मागे लागण्याआधी तीन नेहमीचे प्रकार बाजूला काढावे लागतात. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतील आणि घरातलं आणखी कुणी खाजवत असेल, तर ती खरूज. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली माइट नावाच्या किड्याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात; तोवर ती घरभर पसरलेली असते. म्हणून औषध एकट्याने लावून भागत नाही, सगळ्या घराने एकाच रात्री लावावं लागतं.

दुसरा प्रकार पित्त उठण्याचा. पित्ताची प्रत्येक गांधी काही तासांत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. घरच्या घरी याची खात्री करायची असेल तर एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी बघावं. रेघ राहिली आणि आतली सूज गेली, तर पित्त. सूज तिथेच असेल तर दुसरं काहीतरी.

तिसरा नायटा, म्हणजे बुरशी. कडा लाल, उठावदार, मधला भाग बरा होत आलेला, असं त्याचं कडं ओळखू येतं. पण गेल्या काही वर्षांत हे चित्रच बिघडलं आहे, आणि त्याचा दोष मी सरळ मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्यूबना देईन. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेल्या या मलमांनी खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी निवांत पसरत राहते. कड्याची कडा पुसली जाते. मग त्वचारोगतज्ज्ञालाही नुसत्या नजरेने ओळखणं अवघड होतं. अशा वेळी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कोंडा विरघळतो आणि बुरशीचे तंतू दिसू लागतात. दहा-पंधरा मिनिटांची, अगदी स्वस्त तपासणी आहे ही. कुठलंही मलम आणण्याआधी ती करून मागावी.

हे तिन्ही नसेल, कातडी लाल होऊन लस येत असेल, किंवा जुनी होऊन जाड, काळपट, रेघारेघांची झाली असेल, तर ते इसब. आणि त्यात स्पर्शातून होणाऱ्या ॲलर्जीचा संशय सर्वांत आधी घ्यावा लागतो.

इथेच रुग्ण हमखास म्हणतो, ‘पण मी नवीन काहीच वापरलेलं नाही.’ तो खरंच बोलत असतो. ही ॲलर्जी नव्या वस्तूपेक्षा वर्षानुवर्षं वापरातल्या वस्तूची असण्याचीच शक्यता जास्त. रसायनाचा रेणू इतका लहान असतो की प्रतिकारयंत्रणा एरवी त्याची दखलच घेत नाही. तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटला की मात्र ते प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याचा नमुना जवळच्या लसिका ग्रंथीत घेऊन जातात आणि तिथे टी-पेशींची, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींची, एक तुकडी तयार होते. याला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय ही तयारी पहिल्या स्पर्शालाच होईल असंही नाही. दहा वर्षं तोच कलप लावून अकराव्या वर्षी ती होऊ शकते. एकदा झाली की सहसा जन्मभराची. त्यानंतर ती वस्तू लागली की एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं. सोमवारी लावलेल्या कलपाची खाज बुधवारी सुटते, आणि आळ येतो मंगळवारच्या जेवणावर.

रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात यावर मोलाचं काम केलं. 1942 मध्ये त्यांनी आणि मेरिल चेस यांनी दाखवलं की एका गिनिपिगची ही ॲलर्जी दुसऱ्याला देता येते, पण त्यासाठी रक्तातला द्रव चालत नाही, पांढऱ्या पेशी द्याव्या लागतात. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या या प्रयोगाचा आपल्या खिशाशी थेट संबंध आहे. हजारो रुपये मोजून जी रक्ताची ‘ॲलर्जी टेस्ट’ केली जाते ती आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते, म्हणजे रक्तद्रवातली गोष्ट. स्पर्शाची ॲलर्जी पेशींमध्ये असते. त्या लांबलचक यादीत ती दिसणारच नाही. उलट यादीत शेंगदाण्यापुढे काहीतरी आकडा आला म्हणून शेंगदाणे सोडलेली आणि कलप चालूच ठेवलेली माणसं असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या ॲलर्जीसाठी योग्य तपासणी आहे पॅच टेस्ट. 1895 मध्ये योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती जगापुढे ठेवली. पाऱ्याच्या औषधाने इसब झालेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर तेच औषध लावलं, तर तिथेही इसब उठतं, हे त्याने दाखवलं. आजही मूळ कल्पना तीच आहे. पाठीच्या वरच्या भागावर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, चिकटपट्टीवर बसवलेल्या बारीक ॲल्युमिनियमच्या वाट्या लावतात. एकेकीचा व्यास 8 मिलिमीटर. प्रत्येकीत एक-एक संशयित, बहुतेक वेळा व्हॅसलिनमध्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळलेला: निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, कलपातलं पीपीडी हे रंगाचं रसायन, रबरातली रसायनं, सुगंधी द्रव्यं, गाजरगवत. 48 तासांनी पट्ट्या काढतात, कातडीवर शाईने केलेल्या खुणांशी ताडून पहिली नोंद घेतात, आणि चौथ्या दिवसाच्या आसपास पुन्हा बघतात. ही दुसरी नोंद टाळू नये. नुसती जळजळ असेल तर ती तोवर ओसरते. खरी ॲलर्जी असेल तर लाली वाढते, बोट फिरवलं की फुगीर लागते, कधी बारीक पुटकुळ्या येतात.

त्या चार-पाच दिवसांत पाठ भिजू द्यायची नाही, घाम गाळणारं काम करायचं नाही. ऐन मे महिन्यात विदर्भात हे किती जिकिरीचं होईल ते सांगायला नको, तेव्हा जमेल तर थंडीत करावी. खाजेच्या साध्या गोळ्यांनी निकालावर फारसा परिणाम होत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मात्र खरी ॲलर्जीही दबून राहू शकते. त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना आधी सांगावं.

पाठीवर एखादा ठिपका उठला म्हणजे आरोपी सापडला, असं नाही. निकेलला ठिपका उठला आणि रुग्णाचा चट्टा तळपायाला असेल, तर निकेलची ॲलर्जी खरी, पण या चट्ट्याशी तिचा संबंध नाही. वस्तू, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

हे जुळवणं किती बारकाईचं असतं ते गाजरगवताइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही, आणि ही गोष्ट आपल्या पुण्याची आहे. मूळ अमेरिका खंडातलं हे तण 1950च्या दशकात पुण्यात लक्षात आलं. 1956 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. आयात गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगितलं जातं, काँग्रेस गवत हे नावही त्याच काळातलं. पुढे ते रस्त्याकडेला, बांधावर, पडीक प्लॉटवर फोफावलं. 1968 मध्ये लोणकर आणि जोग यांनी या गवतामुळे झालेल्या त्वचादाहाचा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला, आणि काही वर्षांतच पुण्यातल्या या आजाराचं वर्णन ‘साथ’ या शब्दात होऊ लागलं. साथ, पण जंतूविना.

या गवताच्या पानाखोडावरच्या सूक्ष्म लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते प्रथिनांना घट्ट चिकटतं. गवत वाळून त्याचा भुगा झाला की तो वाऱ्यावर उडतो. म्हणजे हात न लावताही ॲलर्जी. बहुतेकदा रुग्ण शेतकरी किंवा उघड्यावर काम करणारा, चाळिशी-पन्नाशीचा पुरुष. चेहरा, मान, हात, सगळे उघडे भाग लाल आणि जाड. बघणारा सहज म्हणेल, उन्हाचा त्रास आहे. पण जरा जवळ जाऊन बघा. ऊन वरून येतं; वरची पापणी, हनुवटीखालचा त्रिकोण, कानामागची घडी यांना सावली मिळते, म्हणून उन्हाच्या ॲलर्जीत या जागा बऱ्याचदा वाचतात. धूळ मात्र घडीतच साचते. पापण्या सुजलेल्या, मानेच्या वळ्या, कोपराची आतली बाजू आणि गुडघ्याची मागची लवण खाजून जाड झालेली, असं दिसलं तर हवेतून येणाऱ्या कशाचा तरी संशय घ्यायचा. सुरुवातीची वर्षं गवताच्या हंगामात त्रास वाढतो, थंडीत उतरतो. पुढे तो बारमाही होतो, आणि काहींना खरोखरच ऊनही सोसेनासं होतं. तोवर थांबलं की दोन्ही कारणं एकमेकांत गुंततात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या हंगामातच पॅच टेस्ट व्हावी असं मला कळकळीने वाटतं.

निदान पक्कं झालं तरी गाव सोडून जाता येत नाही, शेतही सोडता येत नाही. निकेलवाला माणूस बक्कल बदलून मोकळा होतो. इथे वारा बदलता येत नाही. डॉक्टर मलमं देतात, आजार फार असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिनसारखी औषधं रक्ततपासण्या करत देतात. बाकीचं घरच्यांच्या हातात असतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, शेतातून आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलणं, धुतलेले कपडे कुंपणावर न वाळवणं. शेवंती आणि सूर्यफूल याच गवताच्या कुळातले, तेव्हा देवाच्या हारातली शेवंतीही काहींना बाधते, तिच्याकडे लक्ष ठेवावं. 1980च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले भुंगे हे गवत खातात, पण मुख्यतः पावसाळ्यातच. घराभोवतीचं गवत उपटायचंच असेल तर फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावं, हातमोजे घालून. आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने त्या कामाला मुळीच जाऊ नये, दुसऱ्या कुणी करावं. वाळलेले ढीग झोडपू नयेत, पेटवूही नयेत.