ओटीपी एकदाच, पैसे दरमहा : कार्डावरील आवर्ती वर्गणीची पार्श्वभूमी

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये अनोळखी नोंद दिसली की पहिली शंका फसवणुकीची येते. मात्र अशा बऱ्याच नोंदींमागे आपणच केव्हातरी दिलेली आणि पुढे विसरून गेलेली परवानगी असते. ही परवानगी कोणाकडे नोंदवलेली असते आणि ती मागे कशी घ्यायची, याचे नियम गेल्या काही वर्षांत पार बदलले आहेत. तो क्रम ठाऊक असेल तर शोध नेमका कुठून सुरू करायचा हे कळते.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढून १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. आज सवयीचा झालेला ओटीपी या निर्णयातून आला. तरीही काही कंपन्या परदेशी पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मधली यंत्रणा) पैसे वळते करून ही पायरी टाळत होत्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यावर पुन्हा ताकीद द्यावी लागली. दरमहाच्या वर्गणीची (सबस्क्रिप्शनची) अडचण आणखी वेगळी होती. कार्डाचा तपशील सेवा देणाऱ्या कंपनीकडे साठवलेला असे आणि परवानगीची नोंदही तिच्याचकडे असे. बँकेला दिसत असे ती फक्त पैसे गेल्याची ओळ, त्यामुळे पैसे कशापोटी गेले हे विचारायला ग्राहकाला कंपनीचेच दार ठोठावावे लागे.

हे चित्र बदलले ते २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने, आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मी यालाच मानतो. त्यानुसार आवर्ती व्यवहारासाठी कार्ड देणाऱ्या बँकेकडे ई-मॅन्डेट, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची ऑनलाइन परवानगी, नोंदवणे, त्या वेळी ओटीपीने पडताळणी करणे, रक्कम बदलती असल्यास तिची कमाल मर्यादा ठरवण्याची मुभा ग्राहकाला देणे आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी एसएमएस किंवा ईमेलने पूर्वसूचना देणे बंधनकारक झाले. कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख त्या सूचनेत असावी लागते. तेवढा व्यवहार थांबवण्याची किंवा मॅन्डेटच रद्द करण्याची सोयही ग्राहकाला द्यावी लागते आणि या सुविधेसाठी त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही.

अंमलबजावणी मात्र रखडली. बँका आणि कंपन्यांची तयारी नसल्याने ३१ मार्च २०२१ ची मुदत सहा महिन्यांनी वाढवली गेली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून नियमात न बसणारे जुने मॅन्डेट चालेनासे झाले. अनेकांच्या वर्गण्या त्या महिन्यात अडकल्या आणि लोक वैतागले. पण विसरलेल्या परवानग्यांची एवढी मोठी साफसफाई त्याआधी कधी झाली नव्हती, हेही खरे.

दरम्यान, दर वेळी ओटीपी न मागता कापता येणारी रक्कम वाढत गेली. सुरुवातीला ती २,००० रुपये होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल या तीन गोष्टींसाठी ती १ लाखावर नेण्यात आली. सोय वाढली, पण ग्राहकाला थांबून विचार करायला लावणारी ओटीपीची पायरी बहुतेक वर्गण्यांतून गेली आणि सारा भार त्या २४ तास आधीच्या एसएमएसवर आला. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात तो सहज हरवतो.

आमच्या घरी हेच घडले. स्टेटमेंटमध्ये २९९ रुपयांची ओळ होती. त्यात सेवेचे नाव नव्हते, होते ते पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचे आणि एका शहराचे. या ओळीला जागाच फार थोडी असते. कार्ड व्यवहारांच्या प्रचलित मानकात कंपनीचे नाव, शहर आणि देश मिळून ४० अक्षरे बसतात. मोबाइलमध्ये 'मॅन्डेट' हा शब्द शोधल्यावर आदल्या दिवशीचा एसएमएस सापडला आणि त्यात सेवेचे खरे नाव होते. भाच्याने २ रुपयांत मिळणारी सात दिवसांची चाचणी घेतली होती. त्या २ रुपयांसाठी दिलेल्या ओटीपीनेच पुढच्या मॅन्डेटची नोंद झाली होती. बँकेच्या संकेतस्थळावरील यादीतून तो रद्द केला, तेव्हा पुन्हा ओटीपी द्यावा लागला.

बँकेच्या यादीत मात्र सारे सापडेलच असे नाही. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय, आली आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. त्यामुळे स्टेटमेंटमध्ये दिसणाऱ्या आकारणीची परवानगी यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात असू शकते. ॲप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्या त्या स्टोअरच्या खात्यात पाहाव्या लागतात.

सहज सुरू होणारी आणि रद्द करताना नाकीनऊ आणणारी वर्गणी हा ग्राहकाचा विसराळूपणा नव्हे, हे सरकारनेही मान्य केले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्ज्य ठरवलेल्या संकेतस्थळे व ॲपमधील १३ फसव्या रचनांमध्ये (डार्क पॅटर्न) वर्गणीच्या सापळ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

यापैकी कोणत्याही यादीत परवानगी सापडली नाही, तर प्रश्न अनधिकृत व्यवहाराचा ठरतो आणि त्यासाठीचे नियम रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकावर काहीच भुर्दंड पडत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास त्याची जबाबदारी मर्यादित राहते आणि त्यानंतर ती बँकेच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून स्टेटमेंट येईपर्यंत न थांबता पैसे कापल्याचा एसएमएस आला त्याच दिवशी हा शोध घ्यावा.