मे महिन्यातही थंडी वाजते तेव्हा

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की नागपुरात कुलर रात्रंदिवस घरघरतो. अशा दिवसांत घरातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी 'कुलर बंद करा ना' म्हणत असेल, पूर्ण बाह्यांचं जॅकेट काढत नसेल, तर थायरॉइड तपासाच. पण तिच्या ताटाकडेही बघा. पोटात पुरेसं जात नसलं की शरीर काटकसर सुरू करतं. ऊब कमी होते, नाडी मंदावते, पाळी थांबते, केस गळतात, पाठीवर आणि हातांवर बारीक लव उगवते. ही अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या खाण्याच्या विकाराची लक्षणं असू शकतात. त्यात वजन वाढण्याची धास्ती इतकी घट्ट बसते की हाडं दिसू लागली तरी आरशात आपण जाडच वाटतो.

आपल्याकडे हा आजार उपासाच्या आड सहज लपतो. श्रद्धेने उपास धरणारी बाई साबुदाण्याची उसळ चवीने खाते आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडून नीट जेवते. आजारात उपास सुटतच नाही. चतुर्थीला गुरुवार जोडला जातो, गुरुवारला शनिवार, आणि उसळीतले दाणेही वेचून बाजूला काढले जातात. गोळाभातावर तेल नको, गोळे ताटाच्या कडेला, भात अर्धा तास नुसता चिवडलेला. गंमत म्हणजे हीच मुलगी इतरांसाठी हौसेने रांधते, मोबाइलवर तासन्‌तास रेसिपी बघते. ते ढोंग नसतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी स्वेच्छेने आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं, तेव्हा तेही पाककृतींची पुस्तकं वाचत, एकेक घास घोळवत बसू लागले. चिडचिडे आणि उदास झाले. म्हणजे यातलं बरंचसं उपासमारच घडवते. म्हणून 'आधी मन सुधारू, मग जेवण' हा क्रम इथे उपयोगाचा नाही.

खाण्याच्या विकाराचा दुसरा प्रकार बुलिमिया. त्यात वजन बहुधा बेताचंच असतं, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. थोड्या वेळात भान सुटून खूप खायचं आणि मग ते ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा उपाशी राहून 'फेडायचं', असं हे चक्र. जेवण झालं की लगेच बाथरूम आणि आत नळ सोडलेला. जबड्याखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसतात. घशात बोटं घालताना दात लागून बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने ही खूण ओळखली जाते. पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजते, ती अनेकदा दंतवैद्यालाच पहिल्यांदा दिसते. ओकारीनंतर लगेच ब्रश करू नये, मऊ झालेला थर आणखी खरवडला जातो. साध्या पाण्याने चूळ भरावी. खरी भीती पोटॅशियमची. ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि उन्हाळ्यात घामाने शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

तिसरा प्रकार बिंज ईटिंग. यात खाणं असंच बेभान, पण नंतर ओकणं वगैरे नाही. दिवसभर डाएट, रात्री एकट्याने डबे रिकामे, मागून शरम. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने चाललं तर निदानाचा विचार होतो. उपचार ऐकायला उलटा वाटतो: उपाशी राहणं थांबवा. तीन जेवणं, दोन-तीन खाणी, मधे चार तासांहून जास्त खंड नको.

निदान रक्ताच्या एका चाचणीवर होत नाही. डॉक्टर खाण्याची, वजनाची आणि पाळीची हकिगत विचारतात, झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब मोजतात, ईसीजी काढतात. पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर बघतात. क्षयरोग, मधुमेह, आतड्यांचे आजारही पडताळावे लागतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही, असं मात्र मुळीच नाही. आधी जाड असलेल्या मुलाचं वजन झपाट्याने उतरलं, तर आकडा 'बरा' दिसत असतानाही धोका तितकाच असतो. मुलगे यातून सुटलेले नाहीत. किशोरवयात जागेपणी, शांत बसलेलं असताना नाडी ५० च्या खाली गेली किंवा भोवळ येऊ लागली, तर दवाखान्यात भरती करावं लागतं.

घरच्यांच्या हातून सर्वांत मोठी चूक इथेच होते. बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम भरपेट गोडधोड खाऊ घालतात, नाहीतर गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून आणतात. साखर आत गेली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि दोन-तीन दिवसांत हृदय, श्वास यांवर बेतू शकतं. म्हणून आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग आहार टप्प्याटप्प्याने, आणि सुरुवातीला रोज रक्ततपासणी.

पुढे किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबावर आधारलेले उपचार सर्वांत उपयोगी ठरतात. काही महिने काय, किती, केव्हा खायचं हे आईवडील ठरवतात, शेजारी बसतात, ताट संपेपर्यंत उठत नाहीत. भांडण मुलीशी नाही, आजाराशी. गोंदिया-यवतमाळहून नीटच्या क्लाससाठी आलेली मुलगी होस्टेलवर राहत असेल आणि मेसचा डबा भरलेलाच परत जात असेल, तर आईने नागपुरात येऊन राहावं किंवा मुलीला घरी न्यावं. क्लास नंतर भरून निघतो. मोठ्यांच्या बुलिमियासाठी साधारण २० बैठकींचे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन, आणि गरज पडल्यास फ्लुओक्सेटिन; बुलिमियात त्याचा डोस ६० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यात साधारण २० ने सुरू करतात त्याच्या तिप्पट, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. अ‍ॅनोरेक्सिया गोळीने बरा होत नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

वजन परत येऊ लागलं की लग्नकार्यात मावशा-काकू कौतुकाने म्हणतात, 'आता कशी भरलीस गं!' आजारी मनाला त्यातलं 'भरलीस' तेवढंच ऐकू येतं, आणि रात्रीचं ताट पुन्हा चिवडलं जातं. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा: तिच्या अंगकाठीबद्दल चांगलंही बोलू नका, पेपर कसे गेले ते विचारा.