जेवणानंतर कोणी आजारी पडल्यास आम्हांला आणि डॉक्टरांना अवश्य कळवा

आम्ही नाशिकमध्ये लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत अशा समारंभांना जेवण पुरवतो आणि सातपूर व अंबड येथील काही कारखान्यांना रोजचे डबे देतो. ऑर्डर नोंदवताना हे पत्रक देण्यामागे एकच विनंती आहे. आमच्या जेवणानंतर आपल्याकडील कोणालाही उलट्या, जुलाब, पोटात मुरडा किंवा ताप असा त्रास झाला, तर तो आम्हांला त्याच दिवशी कळवावा आणि रुग्णाला दवाखान्यात नेल्यावर मागील तीन-चार दिवसांत कुठे व काय खाल्ले, हेही डॉक्टरांना सांगावे. यजमानांना वाईट वाटेल किंवा आचाऱ्याच्या नावाला बट्टा लागेल, या संकोचाने अनेक जण गप्प राहतात. त्या गप्प राहण्याने पुढच्या पंगतीतील माणसांचे नुकसान होते, असे आम्हांला मनापासून वाटते.

समजा, एका समारंभातील दहा-बारा पाहुण्यांना अन्न बाधले. त्यांतील एक पंचवटीतील दवाखान्यात जातो, दुसरा सिडकोतील, तिसरा औषधांच्या दुकानातून गोळी घेऊन घरीच पडून राहतो आणि बाकीचे तोवर सिन्नर, दिंडोरीला परतलेले असतात. प्रत्येक डॉक्टरांसमोर जुलाबाचा एकेकच रुग्ण येतो, त्यामुळे हे सर्व एकाच पंगतीला बसले होते हे कोणाच्याच लक्षात येत नाही. आपल्या देशात 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात आरोग्यसेवक लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून नोंदी करतात. पूर्वी आठवड्याला एकदा जाणारी ही माहिती आता संगणकीय प्रणालीवर रोज भरता येते, आणि अन्नातून झालेल्या विषबाधेचे उद्रेकही तिच्यात नोंदवले जातात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 35 मध्ये तर डॉक्टरांना अशा घटना कळवणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. परंतु जो रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचूनही काय खाल्ले ते सांगत नाही, त्याची नोंद कोणतीही प्रणाली करू शकत नाही. आमच्या मते सर्वाधिक माहिती इथेच गळते. त्यानंतरची गळती शौचाच्या नमुन्याची आहे: डॉक्टरांनी तो तपासण्यास सांगितले, तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वीच द्यावा, कारण औषध सुरू झाल्यावर जिवाणू सापडण्याची शक्यता बरीच घटते.

शेवटी जे खाल्ले तेच बाधले, असे आपण सहसा धरून चालतो, आणि तो समज पुष्कळदा चुकीचा ठरतो. स्टॅफिलोकोकस जिवाणूने अन्नात आधीच तयार केलेल्या विषामुळे अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. मोठ्या पातेल्यात हळूहळू निवत गेलेल्या रश्श्यात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्समुळे 6 ते 24 तासांत पोटात कळा येऊन जुलाब होतात. साल्मोनेलाची लक्षणे दिसायला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात, तर हिपॅटायटिस ए या कावीळीला 15 ते 50 दिवस लागतात. म्हणून त्रास कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाला याची नोंद फार मोलाची असते, आणि ज्यांना काहीच झाले नाही त्यांनी काय खाल्ले हे कळणेही तितकेच गरजेचे असते. आजारी आणि निरोगी पाहुण्यांच्या ताटांची तुलना केल्यावाचून दोष श्रीखंडाचा, पाण्याचा की चटणीचा, हे सांगता येत नाही.

2011 साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने 3,800 हून अधिक लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक दगावले. आरंभी स्पेनच्या काकड्यांवर संशय घेतला गेला आणि तेथील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. प्रत्यक्षात दोष मोड आलेल्या कडधान्यांचा निघाला आणि माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला. तो लागला कसा, हे आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांनी कोणते पदार्थ मागवले होते ते तपासकांनी शोधले आणि त्या प्रत्येक पदार्थात काय काय पडते, हे तेथील आचाऱ्याकडून जाणून घेतले. खाणाऱ्यांना ताटातील चिमूटभर मोड आठवत नव्हते, पण स्वयंपाकघराला ते ठाऊक होते. मिसळीसाठी आम्ही मटकीला मोड आणतो, तेव्हा ऊब आणि ओलावा या जिवाणूंनाही मानवणाऱ्या गोष्टी असतात हे आम्ही विसरत नाही. म्हणून ती मटकी नीट शिजवूनच वाढली जाते, आणि कोशिंबिरीत कच्चे मोड आम्ही घालत नाही.

याच कारणासाठी प्रत्येक ऑर्डरची पदार्थवार कृती, किराणा व दुधाची बिले आणि त्या दिवशी कामावर असलेल्या आचारी-वाढप्यांची नोंद आम्ही जपून ठेवतो. प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ डब्यात, वेळ लिहून, 5 अंशांखाली 72 तास ठेवला जातो. तो गोठवत नाही, कारण परफ्रिंजेन्ससारखे जिवाणू गोठवल्याने मरतात आणि मग तपासणी फसवी ठरू शकते. गरम पदार्थ वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर राखले जातात. जुलाब झालेल्या कामगाराला जुलाब थांबल्यानंतर 48 तासांपर्यंत स्वयंपाकात हात घालू दिला जात नाही आणि त्या दिवसांची मजुरी कापली जात नाही, अन्यथा तो आजार लपवील.

उपवासाच्या जेवणाबाबत विशेष सावधगिरी हवी. दमट जागी राहिलेल्या भगरीवर ॲस्परजिलस बुरशी वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून आम्ही सुटी भगर किंवा तिचे तयार पीठ घेत नाही.

सिंहस्थात लाखो भाविक नाशिक-त्र्यंबकेश्वरला येऊन जेवतील आणि आजार अंगावर दिसण्यापूर्वीच आपापल्या गावी पोहोचतील. तेव्हा तेथील डॉक्टरांना ‘नाशिकला जेवलो होतो’ एवढे सांगितले गेले, तरी शोधाची दिशा ठरेल.

त्रास झाल्यास उरलेले अन्न फेकू नये. झाकून, वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवावे आणि कोणालाही खाऊ देऊ नये. शौचातून रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती अथवा वृद्ध असेल, तर आम्हांला कळवण्याआधी दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. पाहुण्यांची नावे आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांखेरीज कोणालाही देत नाही. आमचा दूरध्वनी आणि चौदा अंकी परवाना क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला आहे, आणि तक्रार आमच्याविरुद्ध असली तरी ती अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या निःशुल्क क्रमांकावर थेट नोंदवता येते.