मिल्ले मिल्या

इटलीतील सार्वजनिक रस्त्यांवर १९२७ ते १९५७ या काळात झालेली मोटारींची लांब पल्ल्याची शर्यत. इटालियन भाषेत ‘मिल्ले मिल्या’ म्हणजे हजार मैल, सुमारे १,६०० किमी. उत्तरेकडील ब्रेशा शहरातून निघायचे, रोमला वळसा घालायचा आणि पुन्हा ब्रेशाला यायचे, असा तिचा साधा आराखडा होता. एकूण चोवीस शर्यती झाल्या. आज याच नावाने जुन्या मोटारींची फेरी निघते. मात्र ती वेगाची शर्यत नाही.

शर्यतीचा जन्म रुसव्यातून झाला, असे म्हटले तरी चालेल. १९२१ मध्ये इटलीची पहिली ग्रां प्री, म्हणजे मोटारींची मानाची शर्यत, ब्रेशाजवळच्या मोंतिक्यारी येथे झाली, पण पुढच्याच वर्षी मॉन्झाला नवी धावपट्टी तयार झाली आणि हा मान तिकडे गेला. ब्रेशाकरांना ते लागले. आयमो माज्जी व फ्रांको मात्सोत्ती हे दोन तरुण सरदार, संयोजक रेन्झो कास्तान्येतो आणि क्रीडापत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी या चौघांनी ठरवले की, धावपट्टी नसेल तर देशाचे रस्तेच वापरू. किलोमीटरमध्ये मोजणाऱ्या देशात मैलाचे नाव विचित्र वाटते खरे, पण मैल हे प्राचीन रोमनांचेच माप.

पहिली शर्यत मार्च १९२७ मध्ये झाली. ७७ मोटारी सुटल्या. फेर्दिनांदो मिनोइया आणि जुझेप्पे मोरांदी यांनी ओएम ही ब्रेशातच बनलेली मोटार २१ तासांहून थोड्या अधिक वेळात परत आणली. सरासरी वेग ताशी ७७ किमी. पहिले तिन्ही क्रमांक ओएमनेच घेतले, म्हणजे यजमानांची हौस पुरेपूर फिटली.

१९३० मध्ये ताझिओ नुव्होलारी या इटालियन चालकाने ताशी १०० किमीची सरासरी प्रथमच ओलांडली. अंधारात दिवे मालवून त्याने प्रतिस्पर्धी अकिल्ले वार्त्सीला बेसावध गाठले, ही त्या वेळची कथा इटलीत फार आवडीने सांगितली जाते. मात्र नुव्होलारी वार्त्सीच्या दहा मिनिटे मागाहून सुटला होता. त्यामुळे त्याला गाठण्याआधीच घड्याळाच्या हिशेबाने तो पुढे होता. दिवे मालवले असतील, तर ते जिंकण्यासाठी नव्हे, जिरवण्यासाठी. पुढच्या वर्षी जर्मनीचा रुडोल्फ काराच्चिओला मर्सिडीझ घेऊन आला आणि जिंकणारा पहिला परदेशी ठरला. सर्वाधिक, म्हणजे चार विजय (१९३८, १९४७, १९४८, १९४९) क्लेमेंते बिओंदेत्ती याचे आहेत.

शर्यतीची सुटण्याची रीत वेगळी होती. ब्रेशात एक उतरता मंच उभारत आणि मोटारी ठरावीक अंतराने एकेक करून सोडत. लहान, संथ मोटारी आदल्या रात्रीच निघत; दांडग्या मोटारी सकाळी. १९४९ पासून मोटारीवरचा क्रमांक म्हणजेच तिची सुटण्याची वेळ असे. त्यामुळे बांधावर बसलेल्या शेतकऱ्यालाही घड्याळ पाहून कोण पुढे, कोण मागे याचा हिशेब करता येई.

ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसची ७२२ क्रमांकाची मर्सिडीझ ३०० एसएलआर १९५५ मध्ये सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला इंग्रज पत्रकार बसला होता. दोघांनी आधी मार्गाची रपेट करून प्रत्येक वळण, चढ आणि फाटक टिपून ठेवले होते. त्या टिपणांची सुमारे साडेपाच मीटर लांब गुंडाळी एका डबीत बसवली होती. जेंकिन्सन ती फिरवत जाई आणि इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगे. पुढे काय आहे ते दिसत नसतानाही मॉस त्या खुणेच्या भरवशावर पाय दाबून ठेवी. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंद. सरासरी ताशी १५७ किमीहून अधिक. एकट्यानेच मोटार हाकणारा अर्जेंटिनाचा चालक फान्जिओ दुसरा आला, तोही अर्ध्या तासाहून अधिक मागे. हा उच्चांक पुढे मोडला गेला नाही.

पहिल्या शर्यतीच्या मानाने वेग दुप्पट झाला होता. रस्ते मात्र तेच राहिले: गावाच्या चौकातून जाणारे, फुता आणि रातिकोसा घाटांत वळणारे, मध्येच रेल्वेचे फाटक लागणारे. १९५४ मध्ये हान्स हेरमानने बंद फाटकाच्या आडव्या दांड्याखालून आपली बुटकी पोर्शे तशीच दामटली, रेल्वे येत असताना. लोक रस्त्याच्या अगदी कडेला उभे असत आणि लाखोंच्या त्या गर्दीला आवरणे कुणाच्याच हाती नव्हते. धोका शर्यतीच्या घडणीतच होता, चालकांच्या बेदरकारपणात तितका नव्हे.

त्याची जाणीव आधीच झाली होती. १९३८ मध्ये बोलोन्यात एक लान्चिया मोटार ट्रामच्या रुळांवर उसळून गर्दीत घुसली. दहा माणसे दगावली, त्यांत सात मुले. मुसोलिनीने शर्यत बंद केली. या बंदीनंतर १९४० ची शर्यत ब्रेशा, क्रेमोना, मांतोव्हा अशा त्रिकोणी मार्गावर फेऱ्या मारून उरकली आणि ती बीएमडब्ल्यूने जिंकली. युद्धानंतर १९४७ मध्ये जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली.

१२ मे १९५७ रोजी शेवट आला. नुव्होलारी १९५३ मध्ये वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ परतीचा मार्ग मांतोव्हावरून नेला होता. तिथून ब्रेशाकडे जाणारे रस्ते सरळ आणि म्हणून भयंकर वेगाचे. त्याच पट्ट्यात ग्विदित्सोलो गावाजवळ स्पेनचा सरदार आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीचे टायर फुटले. पोर्तागो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. प्रेक्षकांत पाच मुले होती. पोर्तागो २८ वर्षांचा होता. शर्यत जिंकणारा पिएरो तारुफ्फी त्यानंतर निवृत्त झाला. सरकारने शर्यतीवर बंदी घातली. फेरारी मोटारींचा निर्माता एन्झो फेरारी याच्यावर खटला चालला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला.

१९७७ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने नाव परत आले. या फेरीत १९२७ ते १९५७ दरम्यान मूळ शर्यतीत उतरलेल्या प्रकारच्याच मोटारींना प्रवेश मिळतो. सुमारे चारशे मोटारी वाहतुकीचे नियम पाळत अनेक दिवस प्रवास करतात. गुण मिळतात ते ठरलेला टप्पा ठरलेल्या वेळेत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक पार करण्याचे. लवकर पोहोचले तरी गुण कापले जातात. शर्यतीचे संग्रहालय ब्रेशातील एका जुन्या मठात आहे. ग्विदित्सोलोजवळ अपघाताच्या जागी, रस्त्याच्या कडेला, मृतांचे स्मारक उभे आहे.