राजाची शिकार, भुंग्याची चंगळ

लंडनच्या रिचमंड पार्कातल्या मोठ्या झाडांकडे जरा लांबून पाहा. पानांची खालची कड सगळीकडे एका रेषेत, फूटपट्टी लावून कापल्यासारखी. हे माळ्याचं काम नव्हे. हरणांची मान जिथवर पोहोचते तिथवरचा पाला ती फस्त करतात, एवढंच. इथे रेड आणि फॅलो या दोन जातींची मिळून सुमारे ६३० हरणं मोकळी फिरतात.

ती इथे आहेत ती इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या हौसेपायी. लंडनात प्लेग पसरला म्हणून १६२५ मध्ये तो दरबारासह रिचमंडला आला आणि १६३७ मध्ये शिकारीसाठी सुमारे अडीच हजार एकरांना त्याने भिंत घातली. लोक चिडले, ते साहजिकच होतं. पुढे तर वाटाही बंद झाल्या. १७५८ मध्ये बिअर बनवणाऱ्या जॉन लुईसने कोर्टात भांडून पायी चालणाऱ्यांचा हक्क परत मिळवला. आज कडेकडेने जाणाऱ्या टॅमसिन ट्रेलवर कोणीही मजेत चालतं.

पण भिंतीचा खरा फायदा झाला तो किड्यामुंग्यांना. आतल्या बऱ्याच गवताळ जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या नांगर लागला नाही. पुरावा पायाशीच असतो: गवताने झाकलेले छोटे छोटे उंचवटे. ही पिवळ्या मुंग्यांची वारुळं. ती वाढायला अनेक वर्षं लागतात आणि नांगराच्या एका फेरीत ती सपाट होतात. त्या मुंग्यांवर हिरवा सुतारपक्षी ताव मारतो.

जुन्या ओकांची गंमत वेगळी. पूर्वी त्यांचे शेंडे हरणांच्या तोंडाला लागणार नाहीत इतक्या उंचीवर छाटत, म्हणजे नवे धुमारे वाचत. अशी छाटलेली झाडं बुटकी, जाड होतात आणि दीर्घकाळ जगतात. म्हातारपणी आतून पोखरतात. त्या ढोल्यांत वटवाघळं राहतात, आणि कर्कश ओरडत घुसणारे पोपटही. हो, गळ्यात कंठ असलेला तोच आपल्या ओळखीचा राघू! पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची ही वंशावळ लंडनच्या थंडीतही चांगली रुळली आहे.

हरणं पाहायला गेलात तर निदान पन्नास मीटर लांब राहा; सप्टेंबर-ऑक्टोबरात, माजावर आलेल्या नरांपासून तर नक्कीच. माझं मत विचाराल, तर थोडा वेळ आडव्या पडलेल्या ओंडक्यांसाठीही राखून ठेवा. इथे पडलेलं लाकूड मुद्दाम तसंच ठेवतात. मातीला टेकलेल्या कुजक्या भागात स्टॅग बीटल नावाच्या भुंग्याची अळी असते: पांढरी, गुबगुबीत, नारिंगी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. तीन ते सात वर्षं ती अंधारात लाकूड कुरतडत बसते. मग कोष, आणि एका उन्हाळ्यात भुंगा बाहेर. नराचे जबडे हुबेहूब हरणाच्या शिंगांसारखे. त्यांनी तो दुसऱ्या नराला उचलून आपटतो, मादी गाठतो, आणि थंडी पडण्याआधीच मरतो.