नेपाळचा ट्रेक: व्हिसा नको, पण कागद हवेत

'नेपाळला काय, व्हिसाच लागत नाही!' दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपवर हे कोणीतरी म्हणतंच. बरोबर आहे. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही. पण त्या भरवशावर लोक बाकीचे कागद गृहीत धरतात. आमच्यातला एकजण मुंबई विमानतळावर फक्त आधार कार्ड घेऊन आला होता. चेक-इनच्या मुलीने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. "सर, पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड." व्होटर कार्ड पुण्यात, कपाटाच्या खणात. तो दुसऱ्या दिवशी नवं तिकीट काढून काठमांडूत आला.

तर पहिला नियम हाच. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 वर्षांवरच्या ज्येष्ठांना सवलत आहे. वय आणि ओळख पटेल असा फोटो असलेला कागद त्यांना पुरतो, त्यात आधारही चालतं. 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेता येतं. दुबईहून किंवा भारताबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही देशातून थेट काठमांडूला उतरणार असाल, तर मात्र पासपोर्टच लागतो. माझं विचाराल तर घरात पासपोर्ट असताना दुसरं काही नेऊच नये.

अमेरिकेतले भाऊ-बहीण सोबत येणार असतील, तर त्यांचं गणित वेगळं. हातात अमेरिकन पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) इथे काही उपयोग नाही, ते नागरिकत्व नव्हे. त्यांना काठमांडू विमानतळावर व्हिसा घ्यावा लागतो: 15 दिवसांना 30 डॉलर, 30 दिवसांना 50, 90 दिवसांना 125. ट्रेकच्या परवान्यालाही त्यांना परदेशी दर पडतो, आपल्याला सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियाई देशांच्या गटाचा. म्हणून सख्ख्या भावंडांच्या पावत्यांवर वेगवेगळे आकडे दिसले तर काउंटरवर वाद घालू नका.

आता डोंगरातले परवाने. ट्रेक कुठल्या भागात आहे, यावर सगळं ठरतं.

अन्नपूर्णा बेस कॅम्प, मर्दी हिमाल, घोरेपानी-पून हिल, अन्नपूर्णा सर्किट हे सगळं अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं. इथल्या परवान्याला पोखऱ्यात, म्हणजे या ट्रेकच्या पायथ्याच्या शहरात, सगळे 'एकॅप' म्हणतात. सार्क नागरिकांना 1000 नेपाळी रुपये, इतर परदेशींना 3000, दहा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. मुक्तिनाथही याच हद्दीत आहे, त्यामुळे 'आम्ही ट्रेकर नाही, यात्रेकरू आहोत' म्हणून सुटका होत नाही. काठमांडूत किंवा पोखऱ्यात अर्ज भरायचा, ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो द्यायचे, पैसे भरायचे. हे काम पोखरा सोडण्याआधीच उरका. परवाना न घेता नाक्यावर पोहोचलात तर दुप्पट रक्कम मोजावी लागते.

याच्या जोडीला 'टिम्स' कार्ड असतं, म्हणजे ट्रेकरची नोंद. सार्क नागरिकांना 1000, इतरांना 2000 नेपाळी रुपये. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड घ्यावा आणि हे कार्ड नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फतच काढावं, असा नियम आहे. नेपाळच्या लेखी आपणही परदेशीच.

एव्हरेस्ट बेस कॅम्पची तऱ्हा निराळी. खुंबू भागात, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरात, टिम्स लागत नाही. त्याऐवजी तिथली खुंबू पासाङ ल्हामू गाउँपालिका (स्थानिक ग्रामपालिका) स्वतःचं शुल्क घेते, ते ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लात भरता येतं. पुढे मोंजोला सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. तिथे सार्क नागरिकांना 1500 नेपाळी रुपये आणि त्यावर 13 टक्के व्हॅट, म्हणजे 1695. इतरांना व्हॅटसह 3390. एका भारतीय रुपयाचे 1.60 नेपाळी रुपये हा दर ठरलेला असल्याने हिशेब सोपा आहे: आपल्याला साधारण 1060 रुपये पडतात. मात्र खिशात नेपाळी रोकड ठेवा. डोंगरात कार्डाच्या भरवशावर राहू नये.

अप्पर मुस्तांग, मनास्लू, अप्पर डोल्पो ही प्रतिबंधित क्षेत्रं. इथला परवाना नेपाळचा इमिग्रेशन विभाग देतो, तोही नोंदणीकृत एजन्सीमार्फत आणि गाइड सोबत असेल तरच. दर डॉलरमध्ये असतात. मनास्लूला सप्टेंबर ते नोव्हेंबर पहिल्या आठवड्याचे 100 डॉलर आणि पुढे दिवसाला 15. संरक्षण क्षेत्राचं शुल्क वेगळं. एजन्सीने 'सगळं पॅकेजमध्ये आहे' म्हटलं तरी प्रत्येक परवान्याचं नाव लिहून मागा. आयलंड पीकसारखं शिखर चढायचं असेल तर वरचे कुठलेच परवाने पुरत नाहीत. त्याची परवानगी नेपाळ पर्वतारोहण संघाकडून वेगळी घ्यावी लागते. दर बदलत असतात, निघायच्या आठवड्यात एकदा खात्री करून घ्या.

विमा कागदोपत्री कोणी मागो न मागो, घ्याच. पण पॉलिसीत दोन ओळी शोधा: किती उंचीपर्यंतचा ट्रेक चालतो, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मिळतो का. एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364 मीटरवर आहे. पाच हजारांवर थांबणारी पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी कामाची नाही. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर गाइडलाही देऊन ठेवा, कारण हेलिकॉप्टर बोलावताना बोलायच्या अवस्थेत आपण असूच असं नाही.

चार-पाच फोटो, ओळखपत्राच्या तीन प्रती, विम्याची एक छापील प्रत, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. गाइडकडे सगळ्यांचे परवाने एकत्र असले तरी आपल्या परवान्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये हवा. आणि उतरताना कागद फेकू नका. मोंजोला जाताना वहीत नाव चढतं तसं परततानाही परवाना पाहतात. आमच्यातल्या एकीचा परवाना तेव्हा ओल्या मोज्यांच्या पिशवीत सापडला, शिक्का पुसट झालेला, पण नंबर वाचता येत होता.